रेषेला जाडी नसते, बिटला असते

कोरल या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाची पाटी काढली, फाइल सीएनसी राउटरवाल्याला (सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर लाकूड कापणारे मशीन) दिली, की मशीन ती जशीच्या तशी लाकडात उतरवते, असा समज फार पसरला आहे. फोटो टाकला की कापायची फाइल आपोआप तयार होते, अशा जाहिरातींनी तो आणखी पक्का केला. प्रत्यक्षात मशीनला चित्र दिसतच नाही. रंग किंवा भरलेला भाग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतात त्या हालचालींच्या आज्ञा. अमुक बिंदूपर्यंत सरळ जा (जी १), अमुक केंद्राभोवती कंसात वळ (जी २ आणि जी ३). आकार कापण्यापुरती बहुतेक राउटरांची भाषा एवढीच.

आपण काढलेली वक्ररेषा मात्र साधारणपणे बेझिए वक्र, म्हणजे मोजक्या बिंदूंवरून गणिताने ठरणारी रेषा असते. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारींचे आकार गणितात बांधण्यासाठी हे वक्र घडवले. राउटरला ते थेट कळत नाहीत, म्हणून त्यांचे बारीक रेषांत किंवा कंसांत तुकडे पाडावे लागतात. ५० मिमी त्रिज्येचे वर्तुळ सरळ तुकड्यांनी कापायचे आणि चूक ०.०१ मिमीच्या आत ठेवायची, तर सुमारे १५७ तुकडे लागतात.

या सगळ्या कामातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. ६ मिमी व्यासाचा बिट (राउटरचे फिरणारे पाते) नेमका रेषेवरून चालवला, तर दोन्ही बाजूंचे ३-३ मिमी लाकूड जाते. म्हणून बिटचा मध्य रेषेपासून ३ मिमी दूर ठेवायचा: सुटा तुकडा हवा असेल तर रेषेच्या बाहेरून, भोक हवे असेल तर आतून. यालाच ऑफसेट म्हणतात. ऐकायला सोपे वाटते, पण समजा १०० बाय ६० मिमीचे लंबवर्तुळाकार भोक पाडायचे आहे आणि बिट १२ मिमीचा आहे. बिटच्या मध्याचा मार्ग ८८ बाय ४८ चे लंबवर्तुळ असेल, असे कोणीही म्हणेल. तसा मार्ग दिला, तर भोक काही ठिकाणी सुमारे ०.२ मिमी जास्त कापले जाते! कारण लंबवर्तुळाला समांतर जाणारी रेषा लंबवर्तुळ नसतेच. लंबवर्तुळाचे समीकरण दुसऱ्या घाताचे, तर त्याच्या समांतर वक्राचे आठव्या घाताचे.

असे का होते? समांतर बिंदू काढायला प्रत्येक ठिकाणी वक्राला लंब असलेली दिशा लागते. त्या दिशेची लांबी एक करण्यासाठी क्ष आणि य यांच्या बदलांच्या वर्गांची बेरीज घेऊन तिच्या वर्गमुळाने भागावे लागते. बेझिए वक्र बहुपदींचा बनलेला असतो आणि हे वर्गमूळ सहसा बहुपदीत मावत नाही. त्यामुळे बेझिएचा ऑफसेट बहुधा बेझिए उरत नाही. सॉफ्टवेअर ठरवून दिलेल्या मर्यादेत त्याच्या जवळपासची रेषा जुळवते.

त्याच लंबवर्तुळाच्या टोकाशी वक्रतेची त्रिज्या १८ मिमी आहे (३० चा वर्ग भागिले ५०). बिटची त्रिज्या त्याहून मोठी झाली, की आतली समांतर रेषा टोकाजवळ स्वतःलाच छेदते आणि तिथे उलटा फास तयार होतो. हे फास ओळखून छाटणे हे टूलपाथ सॉफ्टवेअरचे, म्हणजे बिटचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरचे खरे काम आहे. आतल्या काटकोनात तर वक्रतेची त्रिज्या शून्यच. खोक्याच्या कोपऱ्यात नाणे कितीही रेटले तरी ते टोकापर्यंत पोहोचत नाही, तसा ६ मिमीचा बिट कोपऱ्यापासून १.२४ मिमी अलीकडेच राहतो. खाचेत चौकोनी फळी बसवायची असेल, तर कोपऱ्यात मुद्दाम थोडे पुढे जाऊन कापावे लागते; त्याला डॉगबोन म्हणतात.

देवनागरी पाट्यांना एक खास अडचण येते. अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टमधून नुसत्या रेषांमध्ये बदलली, की प्रत्येकाची शिरोरेषा त्या अक्षराबरोबर सुटी होते आणि पुष्कळदा शेजारच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. पडद्यावर सगळे अखंड काळे दिसते. मशीन मात्र प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा कापून टाकते. म्हणून आधी सगळे वेल्ड करून, म्हणजे एकमेकांत जोडून, एकच बाह्यरेषा करायची, मात्रा आणि वेलांट्यांसकट. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातली रेषा वेगळी राहते. ती आतून कापायची आणि बाहेरच्या रेषेच्या आधी कापायची, कारण बाहेरची रेषा पुरी झाली की अक्षर सुटते आणि हलते.

मापही तपासावे. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या ०.९२ आवृत्तीपासून इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरतात. जुनी फाइल नव्या हिशेबाने वाचली गेली, तर १०० मिमीची पाटी ९३.७५ मिमीची होते.

अक्षरे टोकदार कोरायची असतील तर व्ही-बिट, म्हणजे टोकाकडे निमुळता होणारा बिट लागतो, आणि तिथे ऑफसेटची कल्पना आणखी फुलते. अक्षराच्या दोन कडांमध्ये मावणारे मोठ्यात मोठे वर्तुळ घ्यायचे. बिट त्याच्या केंद्रावरून चालतो आणि त्रिज्येवरून खोली ठरते. ८ मिमी रुंद दांड्याला ९० अंशांचा बिट ४ मिमी खोल जातो, ६० अंशांचा सुमारे ६.९ मिमी. टोकाकडे वर्तुळ लहान होत शून्यावर येते, तसतसा बिट वर उचलला जातो आणि कोपरा धारदार निघतो. फोटोवरून आपोआप काढलेल्या रेषांचे खरे रूप इथे उघडे पडते. त्यांच्यावर पिक्सेलच्या पायऱ्यांतून आलेले ढीगभर नोड (रेषेचा आकार ठरवणारे बिंदू) असतात, आणि कडेवरच्या प्रत्येक बारीक दात्याकडे केंद्रांच्या मार्गाला एक फांदी फुटते. नोड आधी कमी केले नाहीत, तर बिट त्या प्रत्येक फांदीच्या टोकापर्यंत जाऊन ओरखडा काढून परत येतो.