स्लॉट कार: शर्यत ठरते वळणाच्या मीटरभर आधी

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकवर पळणारी विजेची छोटी खेळण्यातली रेसिंग गाडी. तिला स्टिअरिंग नसते. ट्रॅकमध्ये खाच, खाचेत गाडीच्या नाकाखालची पाती, खाचेच्या दोन्ही बाजूंना वीज पुरवणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि हातात वेग कमी-जास्त करणारा एकच ट्रिगर. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी ‘स्केलेक्स्ट्रिक’ हा स्लॉट कारचा संच आणला, तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. डिजिटल संचांत आता एकाच खाचेत अनेक गाड्या पळतात, लेनही बदलतात. तरी लोक वर्षानुवर्षे या छंदात अडकतात ते एका हिशेबामुळे.

१:३२ मापाच्या गाडीत १२ व्होल्टला मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेणारी मोटर असते. मोटरवर ९ दात्यांचा गिअर आणि मागच्या आसावर २७ दात्यांचा, म्हणजे चाकाचे फेरे ६,०००. टायरचा व्यास २० मिमी असेल तर कागदावर वेग सेकंदाला सव्वासहा मीटर. भार आणि घर्षण वजा करून सरळ रस्त्यावर चार मीटर धरू. पुढे ३० सेंमी त्रिज्येचे वळण. टायरची पकड फार तर गाडीच्या वजनाइतकी मानली, तर तिथे टिकणारा वेग जेमतेम १.७ मीटर. गाडी ३२ पट लहान केली म्हणून गुरुत्वाकर्षण लहान होत नाही!

चारवरून १.७ वर यायला चारही चाकांना ब्रेक असता तरी सुमारे ६५ सेंमी लागले असते. मोटर फक्त मागच्या चाकांना जोडलेली, त्यामुळे हे अंतर मीटरभराच्या पुढे जाते. बोट दशांश सेकंद उशिरा उठले की ४० सेंमी हातचे गेले.

ब्रेकही मोटरच लावते. ब्रेकची सोय असलेल्या कंट्रोलरचा ट्रिगर पूर्ण सोडला की दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात, फिरती मोटर जनित्र होते आणि तिचाच प्रवाह तिला अडवतो. म्हणून पातीच्या बाजूच्या, पट्ट्यांवरून वीज घेणाऱ्या तांब्याच्या वेण्या (‘ब्रेड’ म्हटले की पाव आठवतो, वेणीच बरी) काळ्या पडल्या, तर गाडी नुसती अडखळत नाही, तिचे ब्रेकही जातात. वेणीचे टोक किंचित पिंजून हलकेच खाली वाकवावे. जास्त वाकवली तर पाती खाचेतून वर उचलली जाते.

गाडीखालचे चुंबक पोलादी पट्ट्यांना ओढून पकड वाढवते, पण अंतर वाढताच त्याची ओढ झपाट्याने घटते. शेपूट सरकून चुंबक पट्टीवरून हटले की गाडी काही न कळवता उडते. चुंबक काढून पातीच्या मागे, शक्य तितके खाली, १०-१५ ग्रॅम शिसे लावले की गाडी आधी घसरते आणि सावरायला क्षणभर मिळतो. वेग कमी होतो, गंमत वाढते. बॉडीचे स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवले तर वळणावरची थरथर चेसीपर्यंत कमी पोहोचते.

मागचे टायर रिमला चिकटवून, ट्रॅकवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर लावून, ५-६ व्होल्टवर गाडी धरून घासावेत. टायरच्या पूर्ण रुंदीवर सारखी मंद छटा आली की थांबावे. आसाला तेल एकच थेंब. टायरला लागले तर सगळी मेहनत वाया.

लांब ट्रॅकच्या दूरच्या टोकाला गाडी मंदावते तेव्हा दोष बहुधा ट्रॅकच्या तुकड्यांमधल्या सांध्यांचा असतो. मल्टिमीटर रिकाम्या ट्रॅकवर बारा व्होल्टच दाखवेल. गाडी तिथे हाताने धरून मोटर फिरवत मोजा. व्होल्टेज एक-दोनने पडत असेल, तर पॉवर बेसपासून (ट्रॅकला वीज जिथून मिळते तो तुकडा) त्या टोकापर्यंत जाड वायरीची वेगळी जोडी न्यावी, आणि दोन पट्ट्यांची अदलाबदल होणार नाही हे बघावे.