आखूड नळीला कुठली दारू?

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात काडतूस ही नवलाईची वस्तू नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६०च्या दशकापासून काडतुसं बनतात, आणि इथल्या कितीतरी घरांत त्या पगारावर चूल पेटली आहे. तरी अमेरिकी नेमबाजांचे व्हिडिओ पाहणारी आमची पोरं परवा एका प्रश्नावर अडून बसली. तिकडे लोक घरी काडतुसं भरतात, तर सोळा इंची नळीच्या लिव्हर-अ‍ॅक्शन (चापाभोवतीची तरफ ओढून पुढचं काडतूस चढवायच्या) रायफलीला दारू कोणती घ्यायची? एकानं उत्तरही देऊन टाकलं, ‘सर, नयी लहान हाये, मंग दारू लवकर जयाले पाह्यजे नं?’

ऐकायला हे पटतं. नळी आखूड, गोळीला वेळ कमी, म्हणून दारू झटपट जळणारी हवी. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे ते समजून घेण्यातच खरी गंमत आहे. (आपल्याकडे काडतूस बनवायला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा हा फक्त समजून घेण्याचा विषय.)

आधुनिक दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये तिला बंदुकीत चालेल असं रूप दिलं. ही दारू उघड्यावर पेटली तर फुर्रकन ज्वाळा उठते आणि विझते, धमाका होत नाही. तीच दारू पितळी पुंगळीत कोंडली की वागणं पार बदलतं, कारण तिचा जळण्याचा वेग दाबावर ठरतो. दाब वाढला की ज्वाळा दाण्याच्या पृष्ठभागाला अधिक चिकटून जळते, उष्णता आत लवकर पोचते आणि पुढचा थर लवकर पेटतो. त्यातून आणखी वायू, आणखी दाब, आणखी वेग. व्हिएल यांनी हे सूत्रात बांधलं: जळण्याचा वेग हा दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात असतो आणि बंदुकीच्या दारूत तो घात १ च्या थोडा खाली असतो.

या चक्राला लगाम घालते ती गोळी. ती पुढे सरकते तशी मागची जागा वाढते आणि दाब उतरू पाहतो. वायू तयार होण्याचा वेग आणि जागा वाढण्याचा वेग, या दोघांची शर्यत पहिल्या दोन-तीन इंचांतच निकाली निघते. दाबाचा कळस तिथेच येतो. पुढचा प्रवास म्हणजे मुख्यतः तापलेल्या वायूचं प्रसरण. नळी सोळा इंची असो की चोवीस इंची, पहिले तीन इंच दोन्हींत सारखेच. कळसाचा दाब नळीच्या लांबीवर ठरत नाही तो यामुळेच.

आता झटपट दारू घातली तर काय होईल? कळस लवकर आणि उंच येईल. रायफलीची मर्यादा पाळायची तर दारू कमी भरावी लागेल, म्हणजे एकूण वायू कमी, म्हणजे पुढच्या तेरा इंचांत गोळीला रेटा कमी. त्यामुळे लांब नळीत जी दारू जास्त वेग देते, तीच बहुतेक वेळा आखूड नळीतही देते. वेग दोन्हींचा घटतो, इंचामागे सेकंदाला साधारण वीस-तीस फूट, पण क्रम तोच राहतो.

दाण्याचा आकारही इथे खेळतो. गोल दाणा जळता जळता लहान होतो, पृष्ठभाग घटतो, वायू मंदावतो. मधोमध भोक असलेली नळकांडी बाहेरून आक्रसते आणि आतून रुंदावते, म्हणून तिचा पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो. त्रिज्येचं गणित मांडून पाहा, बाहेरचा घेर जेवढा कमी होतो नेमका तेवढाच आतला वाढतो. तोफेच्या दाण्याला बरेचदा सात भोकं असतात, तिथे पृष्ठभाग चक्क वाढत जातो. गोल दाण्यांवर जळण मंद करणारं रसायन मुरवतात, तेव्हा सुरुवात हळू होऊन गाडी पुढे वेग घेते.

आखूड नळीचा खरा त्रास तोंडाशी दिसतो. गोळी बाहेर पडते तेव्हा मागे अजून हजारो पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब उरलेला असतो. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात, बाहेरचा ऑक्सिजन मिळाला की ते पुन्हा पेटतात. डोळे दिपवणारी ज्वाळा आणि कानठळ्या त्याच्याच. म्हणून काही दारूंत पोटॅशियमचे क्षार मिसळतात, ते हा दुसरा पेट दाबतात. आखूड नळीसाठी निवडायचंच असेल तर मी ज्वाळा कमी करणारी दारू बघेन.

लिव्हर-अ‍ॅक्शनची आणखी एक बाजू. जॉन ब्राउनिंगनं आखलेल्या १८९४च्या विंचेस्टरसारख्या रायफलीत खिटी (काडतुसामागचं तोंड बंद ठेवणारा बोल्ट) मागच्या टोकाला अडकते, पुढे नाही; ही रचना फार मोठ्या दाबासाठी नाही. तिच्या .३०-३० काडतुसाची दाबमर्यादा ४२,००० पीएसआय. मोटारीच्या टायरात असतो त्याच्या हजारपटीहून जास्त, पण इतर रायफलींच्या मानानं सौम्य.

आता प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची टोपी. पितळी वाटीत लेड स्टिफनेटचं मिश्रण, वर छोटी ऐरण. घोडा आदळला की मिश्रण ऐरणीवर चिरडतं आणि ज्वाळा भोकातून दारूत शिरते. ‘मॅग्नम प्रायमर घाला, रायफल दुप्पट ताकदीची’ ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. मॅग्नमचं काम मोठ्या पुंगळीत, कडाक्याच्या थंडीत किंवा पेटायला अवघड दारूला. .३०-३०च्या मध्यम पुंगळीला साधा रायफल प्रायमर पुरतो. जास्त तापट घातला तर कळसाचा दाब चढतो, म्हणून प्रायमर बदलला की भरणी कमी करून पुन्हा चाचणी करावी लागते. तो बुडापेक्षा वर उचललेला तर चालतच नाही. या रायफलीच्या नळीमॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक टेकतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर असतं. म्हणूनच तिथल्या पारंपरिक गोळ्या चपट्या नाकाच्या असतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी अजून कुणी सांगतं, अमक्यानं मंत्र टाकून ठासणीची बंदूक ‘बांधली’, म्हणून बार उडाला नाही. मंत्रानं काही बांधलं जात नाही. पावसाळ्यात ओल धरलेली काळी दारू आणि सर्दावलेली टोपी एवढं कारण पुरेसं असतं.

आपल्या मुलखात उलट बाजूही बघायला हवी, ती उन्हाची. दारूचं तापमान वाढलं की जळण वाढतं आणि दाब चढतो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो आणि बंद मोटारीत तर त्याहून कितीतरी जास्त. जानेवारीच्या थंडीत मर्यादेच्या काठावर नेलेली भरणी मे महिन्यात मर्यादा ओलांडू शकते. तापमानानं कमी बिथरणारी दारू बनते, पण तिच्या दाबातही थोडा फरक पडतोच. म्हणून चाचणी उन्हाळ्यातच घ्यायची आणि मर्यादेच्या बरंच खाली थांबायचं.