डिजिटल ब्रश आणि त्याची पारख

डिजिटल ब्रश : संगणकावर किंवा टॅब्लेटवर चित्र रंगवताना पेनाच्या हालचालीचे रंगाच्या फटकाऱ्यात रूपांतर करणारे साधन. नाव कुंचल्याचे असले, तरी त्याला केस नसतात. एक लहानसा ठसा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटवत जायचा, आणि तो प्रत्येक वेळी केवढा, किती गडद व कोणत्या कोनात उमटावा हे पेनावरचा दाब, त्याचा कल व वेग यांवरून ठरवायचे, असा तो नियमांचा संच असतो. जलरंगात काम करणारा चित्रकार रंग चित्रावर लावण्याआधी रफ कागदावर एक फटकारा मारून पाहतो. नवे सॉफ्टवेअर हाती आल्यावर त्यातले ब्रश कोऱ्या पानावर चालवून पाहणे हा त्याच सवयीचा पुढचा टप्पा होय.

पडद्यावर रंगवण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग म्हणजे झेरॉक्स पार्क या अमेरिकन संशोधनकेंद्रात रिचर्ड शूप यांनी उभारलेली ‘सुपरपेंट’ ही प्रणाली (१९७३). १९९० साली आलेल्या फोटोशॉपचा रोख छायाचित्रांवर होता. खडू, तैलरंग, कागदाचा पोत यांचा भास निर्माण करण्याचे काम १९९१ च्या ‘पेंटर’ने मनावर घेतले. आयपॅडसाठीचे प्रोक्रिएट २०११ चे. क्रिटा हे मुक्त सॉफ्टवेअर असून ते विनामूल्य मिळते, त्यामुळे पैसे गुंतवण्याआधी हात आजमावू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तिथूनच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. त्यात ‘एफ५’ कळ दाबली की ब्रशची सेटिंग उघडते आणि शेजारीच सरावाचे छोटे पान मिळते.

चाचणीत प्रथम पाहायचे ते ठशांमधील अंतर, म्हणजे स्पेसिंग. शंभर पिक्सेल व्यासाच्या ब्रशचे स्पेसिंग २५ टक्के असेल, तर दर पंचवीस पिक्सेलांवर एक ठसा पडतो. कडक काठाच्या गोल ब्रशने ओढलेल्या रेघेची कड त्यामुळे बारीक लाटांसारखी दिसते. अंतर पाच टक्क्यांवर आणले की लाटा विरतात, पण ठसे पाचपट होतात आणि मोठा ब्रश हाताच्या मागे रेंगाळू लागतो, कारण व्यास दहापट केला की ठशातले पिक्सेल शंभरपट होतात.

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो तो ओपॅसिटी आणि फ्लो यांत. दोन्हींनी रंग फिका होतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात ओपॅसिटी ही एका फटकाऱ्याची कमाल मर्यादा असते, तर फ्लो हे एका ठशाचे माप असते. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी ५० टक्के ठेवून पेन न उचलता त्याच जागी कितीही फिरवले, तरी रंग निम्म्यापलीकडे जात नाही. पेन उचलून त्यावर दुसरा फटकारा मारला की रंगाची गडदता ७५ टक्के होते. याउलट ओपॅसिटी पूर्ण ठेवून फ्लो कमी केला, तर पेन न उचलताही रंग ठशागणिक चढत जातो. पहिल्यात सपाट, एकसारखा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, मिळतो. दुसऱ्यात हळूहळू गडद होत जाणारी छाया मिळते. शेकडो ब्रशचे संच जमवण्यापेक्षा एकाच गोल ब्रशवर हा भेद हाताला बसेपर्यंत घोटावा, असे इथे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

दाबाचा आलेख, म्हणजे पेनावर किती दाब दिला की किती जाड वा गडद रेघ उमटावी हे ठरवणारी सेटिंगमधली वक्ररेषा, ही ज्याची त्याने करून घ्यायची जुळणी आहे. शाळेत एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांसाठी पेन्सिल दाबून छायाभेद घोटलेल्या विद्यार्थ्याचा हात जड असतो, त्यामुळे मूळ सेटिंगमध्ये त्याची प्रत्येक रेघ जाडच येते. आलेख बदलून घेतला की त्याच हाताला बारीक रेघ साधते. मुंबईच्या दमट हवेत तळहात काचेला चिकटतो आणि लांब फटकारा मध्येच अडखळतो. तो दोष ब्रशचा समजून सेटिंग बदलत बसण्याआधी करंगळी व अनामिका झाकणारा हातमोजा घालून पाहावा. पावसाळ्यात जलरंगाचा वॉश तासन्‌तास ओला राहतो आणि चित्रकाराला थांबावे लागते; पडद्यावर ती वाट पाहणे नसते, आणि पहिला थर वाळण्याच्या अवधीत चित्राकडे दुरून पाहण्याची सवडही मिळत नाही. ही उणीव खरी आहे.

रंगमिश्रणात अपेक्षाभंग होतो. शुद्ध निळा व शुद्ध पिवळा समप्रमाणात मिसळले की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये करडा रंग येतो, कारण तिथे लाल, हिरवा, निळा या प्रकाशमूल्यांची निव्वळ सरासरी काढली जाते. रंगद्रव्ये प्रकाश शोषून व विखरून रंग दाखवतात, म्हणून पॅलेटवर त्याच मिश्रणातून हिरवा निघतो. या वर्तनाचे गणित कुबेल्का व मुंक या शास्त्रज्ञांनी १९३१ साली मांडले; त्यावर आधारलेली मिश्रणपद्धती अलीकडे काही सॉफ्टवेअरमध्ये आली आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतला पारदर्शक जलरंग पडद्यावर आणू पाहणाऱ्याने ‘मल्टिप्लाय’ मोडचा लेयर (चित्रावर ठेवलेला रंगाचा स्वतंत्र थर) वापरून पाहावा. त्यात वरचा रंग खालच्याला फक्त गडद करू शकतो, उजळ कधीच करत नाही. पांढरा रंग तर दिसतच नाही, म्हणून जलरंगाप्रमाणे उजेडाच्या जागा आधीच कोऱ्या राखाव्या लागतात.

मराठी चित्रकाराने आवर्जून करावी अशी एक चाचणी अक्षरांची आहे. कॅलिग्राफीचे तयार ब्रश सहसा रोमन लिपीच्या टाकाच्या कोनात ठेवलेले असतात. देवनागरीसाठी बोरूचा काप त्याच्या उलट दिशेला कललेला असतो. त्यामुळे तयार ब्रशने ‘क’ लिहिला की जाड भाग बारीक आणि बारीक भाग जाड येतो आणि अक्षर परके दिसते. सेटिंगमध्ये ब्रशचा कोन दुसऱ्या बाजूला वळवला की तेच अक्षर ओळखीचे होते. पवईच्या आयआयटीमधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षरांच्या घडणीवर जे काम केले, त्याकडे पाहिल्यावर बोरूच्या कोनाचा हा मुद्दा किती मूलभूत आहे हे कळते.

मुंबईत चित्रकाराचे काम अजूनही अनेकदा कागदावर छापले जाते : दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, पुस्तकाचे वेष्टन, मंडळाचे पोस्टर. म्हणून ब्रशची चाचणी छपाईच्या आकारातच घ्यावी. ए४ पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होते, आणि पूर्ण भरलेला एक साधा लेयर साडेतीन कोटी बाइट जागा घेतो. लहान कॅनव्हासवर सरसर चालणारा ब्रश इथे दमतो. पडद्यावरचे लखलखीत निळे-हिरवे रंग छपाईच्या चार शाईंत बसत नाहीत व मळकट उतरतात. त्यासाठी निवडलेल्या ब्रशचे फटकारे आणि मुख्य रंगांच्या पट्ट्या एका पानावर काढून ते पान मुखपृष्ठाच्याच कागदावर छापून घेण्याची पद्धत आहे, आणि चित्रकार ते पान पुढे काम संपेपर्यंत टॅब्लेटशेजारी ठेवतो.