कातडीखालचा मुका मार

गुराला बसलेला मुका मार जिवंतपणी सहसा दिसत नाही. जाड कातडी आणि केस तो झाकून टाकतात. कत्तलखान्यात कातडी सोलली की साकळलेल्या रक्ताचे डाग उघडे पडतात. आपटल्यामुळे बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त चरबीत, स्नायूंत झिरपतं. त्यासाठी रक्तदाब लागतो. म्हणूनच कत्तलीसाठी बेशुद्ध केलेलं जनावर रक्त वाहून जाण्याआधी जोरात आपटलं तरी डाग उठतो.

डागाच्या रंगावरून वेळेचा अंदाज येतो. साधारण पहिले दहा तास तो लालभडक असतो, दिवसभरात काळपट होतो, पुढे पाणचट. तीन दिवस उलटले की गंजाच्या रंगाचा आणि हाताला बुळबुळीत. म्हणजे लाल डाग प्रवासाच्या शेवटी किंवा कत्तलखान्याच्या आवारातच लागलेला, तर नारिंगी डाग बाजारातला नाहीतर गोठ्यातला. तासांचा नेमका हिशेब मात्र यातून मांडू नये; डागाची खोली आणि जागा बदलली की रंगही वेगळा दिसतो.

डाग कुठे आहे, हे त्याहून उपयोगी. खुब्यावर असेल तर अरुंद दार, किंवा घाईत दोन जनावरं एकदम दारात घातलेली. कण्यावर असेल तर वरून खाली पडणारं दार किंवा दुमजली गाडीचं ठेंगणं छत. बरगड्यांवर बहुधा शेजाऱ्याची शिंगं. दोन समांतर लाल रेघा आणि मधे फिकट पट्टी दिसली, तर ती काठीच: काठीखालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि कडेच्या वाहिन्या फाटतात. इथे ‘जनावर गाडीत आपटलं’ ही गाडीवाल्याची सबब चालत नाही.

महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी असल्याने हा प्रश्न इथे म्हशी-रेड्यांचा आहे. जनावरांच्या वाहतुकीच्या 1978 च्या नियमांनुसार ट्रकमध्ये सहसा सहापेक्षा जास्त गुरं नसावीत. दाटीत पडलेलं जनावर उठू शकत नाही, बाकीची त्याला तुडवतात. हौद्यात घसरण नको, म्हणून वाळू किंवा पेंढा हवा. चढवताना शेपूट पिरगाळण्याची गरज नसते. खांद्याच्या थोडं मागे, बाजूला उभं राहिलं की जनावर आपसूक पुढे सरकतं.

डागाळलेलं मांस लवकर नासतं, म्हणून कापून टाकावं लागतं. त्याच वेळी डागाची जागा, रंग आणि गाडीचा क्रमांक वहीत टिपला, तर कोणतं दार रुंद करायचं हे महिनाभरात कळतं.