नाशिक ढोल नेमका कोणी बनवला?

केरळात कधी उत्सवाच्या किंवा निवडणुकीतल्या विजयाच्या मिरवणुकीत सापडलात तर कमरेला ढोल बांधलेली पोरं हमखास दिसतील आणि तिथले लोक त्याला सरळ ‘नासिक ढोल’ म्हणतात, मंगळुरू-उडुपीकडे ‘नासिक बँड’ म्हणतात. वाजवणारे मल्याळी नाहीतर तुळू बोलणारे, नाशिकचा रविवार कारंजा चौक कुठे आहे हे त्यांना माहीत असायचं काही कारण नाही, पण आपल्या गावाचं नाव वाजवण्याच्या एका पद्धतीला चिकटून पार तिकडे पोचलंय.

आता ही पद्धत बनवली कोणी? नाशिकला वाकडी बारवेपासून निघणाऱ्या गणपती विसर्जन मिरवणुकीत जे वाजतं ते कुणी एकाने बसून रचलेलं नाही. थोरल्या पोरांचं बघून धाकटी शिकली, त्यांचं बघून त्यांच्या गल्लीतली, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं बदलत गेलं. अशी नुसत्या नकलेतून एक अख्खी शैली उभी राहू शकते का, हे शास्त्रज्ञांनी चक्क प्रयोगशाळेत तपासलंय आणि तो प्रयोग मला फार आवडतो म्हणून जरा नीट सांगते.

2016 मधे आंद्रेआ राविन्यानी, तानिया डेल्गाडो आणि सायमन कर्बी यांनी तो प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरने ठोक्यांच्या मालिका बनवल्या, अगदी वेड्यावाकड्या, कुठला ठोका कधी आणि किती जोरात याला काही नियमच नाही. पहिल्या माणसाला त्या ऐकवल्या आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमवर जमेल तशी हुबेहूब नक्कल करायला सांगितलं, तो संगीत शिकलेला वगैरे नव्हता. मग त्याने जे वाजवलं, चुकांसकट, तेच दुसऱ्याला ऐकवलं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, असं पुढे पुढे. कुणालाही ‘छान वाजव’ किंवा ‘तालात वाजव’ असं सांगितलेलं नव्हतं, फक्त नक्कल. तरी काही हात बदलेपर्यंत त्या गोंधळातून ताल बाहेर आला! ठोक्यांमधली अंतरं दोन-तीन ठराविक मापांची झाली, एक दुसऱ्याच्या दुप्पट अशी, छोटे छोटे तुकडे पडले आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा यायला लागले. जगभरच्या संगीतात जी लयीची वैशिष्ट्यं सापडतात ती इथे आपोआप तयार झाली, कारण लक्षात ठेवायला अवघड असलेलं गळून जातं, सोपं असलेलं टिकतं. आणि मुख्य म्हणजे अशा साखळ्या बऱ्याच होत्या आणि प्रत्येकीत वेगळा बाज तयार झाला. म्हणजे शैली ‘शोधावी’ लागतेच असं नाही, बरेच हात आणि थोडा विसराळूपणा असला की ती घडते.

हा लयीकडचा ओढा जन्मापासून असतो असं दिसतं. 2009 च्या एका अभ्यासात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ताल ऐकवून मधेच सम गाळली तर त्यांच्या मेंदूच्या लहरींमधे त्याची नोंद उमटली. पण कुठली लय आपली वाटते हे मात्र गावावर अवलंबून असतं. 2024 मधे 15 देशांतल्या 39 गटांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात लोकांना लय ऐकवून तीच टिचकीने वाजवायला सांगितली, तर साध्या पूर्णांकी (1:1, 2:1 अशा) प्रमाणांकडे सगळेच झुकतात, पण कुठल्या प्रमाणांकडे जास्त ते त्यांच्या भागातल्या संगीतानुसार बदलतं. आणि कॉलेजची पोरं किंवा ऑनलाइन भाग घेणारे लोक देश वेगळा असला तरी एकसारखे निघाले, खेड्यातले लोक वेगळे. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण नाशिक शहरात गंगापूर रोडवरच्या कॉलेजातली चार पोरं तपासून सुरगाण्याच्या खेड्यात पावरी हे आदिवासी फुंकवाद्य वाजवणाऱ्याचा कान कसा आहे ते कळणार नाही.

बरं, नुसता मेंदू नाही, सामानही शैली ठरवतं. गोल ताणलेल्या साध्या पानावर, म्हणजे ढोलाच्या तोंडावरच्या पडद्यावर, थाप मारली की मूळ सुराबरोबर जे वरचे सूर निघतात ते 1.59 पट, 2.14 पट असे आडवेतिडवे असतात, त्यामुळे स्पष्ट सूर न लागता नुसता दणका ऐकू येतो. तबल्यावर शाई असते, म्हणजे पानावरचा काळा गोल लेप, तिच्या वजनाने हे सूर नीट पूर्णांकी पटीत येतात, आणि हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मधेच दाखवून दिलं होतं. म्हणून तबला गाण्याच्या सुरात मिळवतात आणि बैठकीत बसतो. रस्त्यावर मेन रोडच्या गोंगाटात सूर कोण ऐकणार, तिथे दणका लागतो आणि तो छातीत जाणवायला हवा, म्हणून मोठं पान आणि खर्जातला आवाज, आणि वर ताशाची टरटर, कारण बारीक आणि तीक्ष्ण आवाजातच ठोके वेगवेगळे कळतात. त्यात गणपती येतात भर पावसाळ्यात. कातडं ओल धरतं, जड होतं, ढिलं पडतं आणि ताण कमी झाला की सूर खाली उतरतो. प्लॅस्टिकच्या पानाला ओलीचं काही वाटत नाही, त्यामुळे ढोल तासन् तास एकसारखा वाजतो आणि पन्नास-शंभर जणांचं पथक एका आवाजात उभं करणं सोपं झालं. आजचा जो भव्य आवाज आपण ‘परंपरा’ म्हणतो त्यात या पानाचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

आता हे सगळं माणसांचं काय करतं? ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवर 2009 मधे प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यांना मशीनवर एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका लयीत व्यायाम करायला लावला आणि नंतर बीपीचा पट्टा दंडाला आवळत वेदना किती सहन होते ते पाहिलं. मेहनत तितकीच, पण एकत्र केल्यावर सहनशक्ती बरीच वाढलेली. शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारं रसायन, सुटत असावं असा त्यांचा अंदाज. आणि 2010 मधे चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांवर काम झालं, ज्या जोड्या आधी मिळून गायल्या-नाचल्या होत्या त्यांनी नंतर एकमेकांना जास्त मदत केली. पथकातल्या मुलामुलींना विचारा, खांदे भरून येतात, हाताला फोड येतात, तरी दुसऱ्या दिवशी सरावाला हजर. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला चालत जाणाऱ्या दिंडीतही हेच, टाळ-मृदंगावर पावली पडली की थंडी आणि मैल दोन्ही कमी लागतात.

पण त्या साखळीच्या प्रयोगात एक गोष्ट येत नाही आणि नाशिक जिल्ह्याइतकी ती दुसरीकडे क्वचितच इतकी ठळक दिसेल, ती म्हणजे माणसं ठरवून शैली बदलतात. गावात वाजवण्याचं काम ठराविक जातींवर लादलेलं होतं, वाजवणं हे कौशल्य होतं आणि बेडीही. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ती कामं सोडली, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची नक्कल जाणूनबुजून तोडली. त्याच सुमारास, काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला त्या काळात, आपल्याच जिल्ह्यातले भीमराव कर्डक आंबेडकरी जलसा, म्हणजे चळवळीचा विचार सांगणारा गाण्या-नाट्याचा कार्यक्रम, घेऊन गावोगाव फिरायला लागले. तमाशाचा साचा लोकांना पाठ होता, तो ठेवला, आतला मजकूर बदलला. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत हक्काची भाषा अशी पोचली. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म 1922 चा, ज्यांना स्वतःला लिहायला-वाचायला मोठेपणी आलं, त्यांनी हजारो गाणी लिहिली. ज्या घरांत पुस्तक नव्हतं तिथे ही गाणी पाठ झाली आणि मुलांना शाळेत घालायचं हे गाण्यातून मनावर ठसलं. एक शैली माणसाचं आयुष्य बदलते म्हणजे काय याचं माझ्यासाठी याहून मोठं उदाहरण नाही.

आता 14 एप्रिलला नाशिकरोडला फिरा, भीमगीतं डीजेवर लागतात, ढोलकीच्या जागी बास, लय वाढलेली, पेटी गेलेली. जुन्या माणसांना ते खटकतं आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, बासमधे कडव्यातले शब्द बुडतात आणि या गाण्यांचा जीव शब्दांतच आहे. ध्रुवपदाला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही, ते छोटं आहे, दोनदा ऐकलं की येतं आणि डीजेवाला आवाज बंद करतो तेव्हा तेवढंच अख्खा रस्ता म्हणतो.