वॉचवर 480 दिसल्या म्हणून 480 खायच्या का?

सकाळी साडेसहाला अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवरच्या चार भिंती स्मारकापाशी उभं राहिलं की अर्धा सातारा वर चढताना दिसतो, आणि हल्ली बहुतेकांच्या मनगटावर वॉच नाहीतर बँड असतोच. आमच्या शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, "यात 480 कॅलरी जळल्या म्हणतंय, मग तेवढं जास्तीचं खाल्लं तरी चालतंय की?" प्रश्न अगदी रास्त आहे, वजन कमी करायला निघालेला प्रत्येकजण कधी ना कधी इथंच अडकतो, म्हणून जरा नीट हिशोब करूया.

आधी चढ बघू. वजन 70 किलो आणि गावातून अजिंक्यताऱ्यापर्यंतची उभी चढाई साधारण 250 मीटर धरली, तर तेवढं वजन तेवढं उचलायला लागतात 1 लाख 71 हजार ज्यूल, म्हणजे फक्त 41 कॅलरी (आपण रोज कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी). आकडा फारच छोटा वाटतो ना, पण आपले स्नायू जाळलेल्या ऊर्जेतली जेमतेम 20 ते 25 टक्केच कामाला लावतात, बाकीची सगळी उष्णता होऊन जाते, म्हणून तर डिसेंबरातसुद्धा वर पोचेपर्यंत स्वेटर कमरेला बांधायची वेळ येते. म्हणजे चढायला प्रत्यक्षात जळतात 165 ते 205. आडवं चालणं आणि उतरणं धरलं तर सगळं मिळून 300 च्या आसपास.

मग 480 कुठून आल्या? वॉच कॅलरी मोजत नाही, ते नाडी, हालचाल, वय, वजन बघून अंदाज करतं. 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात 60 जणांवर 7 बँड तपासले होते. नाडी मोजण्यात 7 पैकी 6 बँड 5 टक्क्यांच्या आतच चुकले, पण कॅलरीत सगळ्यात चांगला निघालेला बँडही सरासरी 27 टक्के चुकला, आणि सगळ्यात वाईट 93 टक्के. शिवाय 70 किलोचा माणूस नुसता बसून राहिला तरी तासाला साधारण 70 कॅलरी जाळतो, दीड तासाच्या फेरीत अशा शंभरेक कॅलरी किल्ल्यावर न जाताही जळल्याच असत्या, आणि बरीच वॉच एकूण आकडा दाखवताना त्याही त्यातच धरतात. खाण्याचा हिशोब ठेवणाऱ्या ॲपमध्ये सुरुवातीला 'रोज व्यायाम करते' असं निवडलेलं असेल तर तुमचं चालणं रोजच्या कोट्यात आधीच आलेलं असतं, वर परत वॉचच्या कॅलरी जोडल्या की तेच दोनदा मोजलं जातं. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथंच.

काकूंचंच उदाहरण घेऊ. वय 45, उंची 155 सेंटीमीटर, वजन 70. मिफ्लिन-सेंट जोर नावाचं 1990 चं सूत्र लावलं तर नुसतं जगायला दिवसाला 1283 कॅलरी येतात, घरातली हालचाल धरून साधारण 1600. काकू 1300 खातात आणि किल्ल्यावर 300 जाळतात, म्हणजे रोजची तूट 600. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात, तेव्हा सुरुवातीला तेराएक दिवसांत किलोभर चरबी जायला हवी (पुढं वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागते). पण वॉचच्या भरवशावर 480 जास्तीच्या खाल्ल्या तर तूट उरते 120, आणि त्याच एका किलोला दोन महिने लागतात! काकू रोज चढतायत, घाम गाळतायत, आणि काटा हलत नाही म्हणून 'आपल्याला व्यायाम लागूच होत नाही' असं म्हणून सोडून देतात. हे फार वाईट वाटतं, कारण चूक व्यायामाची नसतेच.

आणि 480 खायला वेळ लागत नाही. खाली उतरल्यावर मिसळ घेतली तर दोन पाव सव्वादोनशे, मूठभर फरसाण अडीचशे, तर्रीतलं एक मोठा चमचा तेल 120, मटकी अजून धरलीच नाही. एक कंदी पेढा शंभरच्या आसपास.

म्हणून रोज तास-दीड तास चालणाऱ्यांनी वॉचच्या कॅलरी खायच्याच नाहीत, फारच भूक लागली तर निम्म्यापेक्षा कमी, त्याही उसळ, अंडी, ताक अशा गोष्टींतून.

मात्र हाच नियम साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्यांनी लावला तर नुकसान होतं, आणि हाफ मॅरेथॉनची तयारी करता करता वजनही उतरवायला निघालेल्या मुली हे सर्रास करतात. पळताना किलोमागे किलोमीटरला साधारण 1 कॅलरी जाते. 55 किलोची मुलगी 18 किलोमीटर पळली तर हजारभर गेल्या, घाटात त्याहून जास्त. तिनं त्या दिवशी 1800 खाल्ल्या तरी बाकी शरीराला उरल्या 800. चरबी वगळून तिचं वजन 40 किलो धरलं तर किलोमागे फक्त 20 कॅलरी, आणि हा आकडा बरेच दिवस 30 च्या खाली राहिला की शरीर काटकसर सुरू करतं, पाळी अनियमित होते नाहीतर थांबते, हाडं कमकुवत होतात, सारखं दुखणं मागं लागतं. पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग भारी चाललंय असं अजिबात समजू नका. लाँग रनच्या दिवशी जाळलेलं बहुतेक सगळं परत खायलाच हवं, तूट ठेवायची तर हलक्या दिवशी आणि थोडीच.

आपला नेमका आकडा कुठलंच सूत्र सांगत नाही, तो वजनकाट्यावरून काढावा लागतो. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा पण बघा फक्त आठवड्याची सरासरी, कारण एका दिवसाच्या खारट जेवणानंसुद्धा पाणी धरून काटा किलोभर वर जातो. तीन-चार आठवडे सरासरी जागची हलली नाही तर रोजच्या शंभर-दीडशे कॅलरी कमी करा, फारच वेगानं घसरत असेल तर तेवढ्याच वाढवा. आणि शुगरसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर खाणं कमी आणि चढ जास्त असं एकदम सुरू करू नका, वाटेतच शुगर उतरू शकते, आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या आणि खिशात साखर ठेवा.