खिशातल्या चाकूचं पातं किती जाड हवं?

खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की चर्चा आधी पोलादाच्या नावावर येते. कोणी एस-३०-व्ही म्हणतं, कोणी १२-सी-२७. नव्या पोलादासाठी लोक हजारो रुपये जादा मोजतात आणि त्या चाकूने करतात काय, तर कुरिअरची खोकी फोडतात, सुतळी कापतात, डब्यातलं सफरचंद चिरतात. ही कामं नीट होणार की नाही, हे बरंचसं एका वेगळ्याच गोष्टीवर ठरतं, आणि ती जाहिरातीत क्वचितच छापलेली असते: धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे.

चांगल्या लावलेल्या धारेची कड एक मायक्रोमीटरपेक्षाही बारीक असते. आपला केस त्याच्या पन्नासपट तरी जाड. इतक्या बारीक रेषेवर बोटांचा साधा जोर एकवटला की दाब प्रचंड होतो आणि पदार्थ तुटायला लागतो. पण ही झाली सुरुवात. पातं आत शिरलं की त्याला पदार्थ दोन्ही बाजूंना सारत पुढे जावं लागतं. पिकलेला टोमॅटो मऊ असतो, तो वाट देतो. गाजर देत नाही. जाड पातं त्यात पाचरीसारखं घुसतं, तडा धारेच्या पुढे धावतो आणि गाजर कापलं जाण्याऐवजी कट्‌कन मोडतं. धार कितीही तेज असली तरी हे टळत नाही, कारण दोष धारेचा नसतोच.

दाबून कापण्यापेक्षा पातं ओढत कापलं तर जोर कमी लागतो, हेही याच्याच जोडीचं. ओढल्याने पदार्थावर दाबाबरोबर कातरणारा ताणही पडतो आणि तो लवकर तुटतो. विळीवर भाजी सरकवत चिरणाऱ्या हातांना हे न शिकवता कळलेलं असतं.

फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला लाकडी मुठीचा चाकू आजही जवळपास त्याच रूपात विकला जातो. त्याच्या ८ क्रमांकाच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब आहे. पाठीकडेही त्याची जाडी दोन मिलिमीटरपेक्षा कमी, आणि तिथून धारेपर्यंत ते निमुळतं होत जातं. उलट ‘टॅक्टिकल’ नावाने मिळणाऱ्या बऱ्याच चाकूंची पाती तीन-चार मिलिमीटर जाड असतात. फळ चिरायला दोन्ही घेऊन बसा, फरक दुसऱ्याच फोडीला कळेल.

मग जाड पाती बनवतात कशाला? पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. पात्याने काही उचकटायचं असेल तर हे उपयोगी आहे. माझं मत विचाराल तर रंगाच्या डब्याचं झाकण उघडायला स्क्रूड्रायव्हर वापरावा. चाकू कापायला असतो, आणि वर्षातून एकदा करायच्या उचकटाउचकटीसाठी रोजचं कापणं बिघडवून घेण्यात शहाणपण नाही.

आता पोलाद. त्याला अजिबात महत्त्व नाही असं नव्हे. लोखंडात साध्या तापमानाला कार्बन जवळजवळ विरघळत नाही. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की अणूंची मांडणी बदलू लागते आणि नव्या मांडणीत कार्बनला भरपूर जागा मिळते. अशा वेळी ते झटकन थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद कमालीचं कठीण होतं. लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा नेमकं हेच घडवतो. मात्र असं पोलाद काचेसारखं ठिसूळही असतं, म्हणून ते पुन्हा थोडं तापवून नरम करतात. किती नरम करायचं, हा सगळा हिशेब आहे. कठीण धार लवकर बोथट होत नाही पण तिचे टवके उडतात. नरम धार वाकते, पण निसण्यावर पटकन सरळ होते.

हा काठिण्याचा आकडा रॉकवेल सी मोजपट्टीवर देतात. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विस चाकूंचं पातं ५६ च्या आसपास असतं, एस-३०-व्हीचं साधारण ५९ ते ६१. आकडे जवळचे वाटतात, पण मोठा फरक काठिण्यापेक्षा पोलादात विखुरलेल्या कणांमुळे पडतो. एस-३०-व्हीमध्ये सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं. त्याचे कार्बनशी संयोग होऊन बनलेले कण भोवतालच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतात. पुठ्ठ्यातली माती आणि खनिजांची पूड धारेला घासून झिजवते; हे कण त्या झिजेला अडवतात. रोज ढीगभर खोकी फोडणाऱ्या गोदामातल्या माणसाला असं पोलाद खरोखर परवडतं. पण तेच कण साध्या निसण्याच्या खड्यांपेक्षाही कठीण असल्यामुळे धार लावायला हिऱ्याची पट्टी घ्यावी लागते. ती घरात नसेल तर महागडा चाकू काही महिन्यांत स्वस्त चाकूपेक्षाही बोथट होऊन पडतो.

बोथटपणाची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. दाढीच्या पात्याचं पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण असतं, तरी पातं खराब होतंच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी ही दाढी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष मांडले. केस वाकून तिरपा आला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची रचना एकसारखी नसली, की धारेचा बारीक टवका उडतो. झिजण्याआधी धार तुटते, ती अशी.

गंजाचा प्रश्न कोकणात आणि गोव्यात जास्त खरा आहे. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असेल तर पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर बसतो. ओरखडा पडला तरी तो स्वतःच पुन्हा तयार होतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड हा थर जागोजागी भेदतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणजे ‘स्टेनलेस’ चाकूही समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसावा लागतो. साध्या कार्बन पोलादाला ही ढाल नसतेच. सफरचंद चिरलं की त्यातली टॅनिन लोखंडाशी मिळून पातं काळसर होतं. हिरडा आणि लोखंडापासून काळा रंग करतात त्यातलंच हे रसायन. हा काळेपणा पुसत बसू नका, तो लाल गंजाला थोडाफार आवरतो. ओपिनेलची बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ मात्र पावसाळ्यात फुगते आणि पातं खाचेत रुतून बसतं. मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटलं की ते सैल होतं. साव्हुआवाले हेच करतात.

राहिला खटका, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून धरणारी कळ. स्विस चाकूत पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडं राहतं. टोक कुठे टोचलं किंवा पाठीवर जोर आला तर ते बोटांवर मिटू शकतं. ओपिनेल कंपनीने १९५५ मध्ये बिजागरीभोवती फिरणारी धातूची कडी बसवली. ती वळवली की पातं अडकतं. पुढे मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकणारे खटके रुळले आणि एका हाताने चाकू उघडणं-मिटणं सोपं झालं. फळं आणि सुतळी कापणाऱ्याला खटक्याची फारशी गरज नसते. टोक खुपसण्याचं काम असेल, किंवा चाकू लहान मुलाच्या हातात द्यायचा असेल, तर खटका हवाच.

पण खटका नुसता यांत्रिकीचा विषय नाही. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत पात्याचा, खटका नसलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो; खटका असला की सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणजे लंडनमधल्या मराठी माणसाच्या खिशात मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारा स्विस चाकू चालतो, कारण त्याचं पातं तीन इंचांच्या आत आहे. ८ क्रमांकाचं ओपिनेल लांबीतही बसत नाही आणि खटक्यातही अडकतं. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली शहरात मनाई आदेश निघतात, आणि त्या काळात सार्वजनिक जागी बाळगायला बंदी असलेल्या वस्तूंत लाठ्या-तलवारींबरोबर चाकूही येतो. सणासुदीला, निवडणुकीला आदेश लागू आहे का ते पाहून मगच चाकू खिशात घालावा. आपल्याकडच्या विमानप्रवासात तो चेक-इनच्या बॅगेतच टाकायचा, मग पातं दोन इंचांचं का असेना.